वेगळी वाटी

राजानंदने उजवा हात खांद्यापर्यंत कापसात खुपसला आणि डोळे मिटले. ट्रॉलीचा मालक, आष्टीकडचा एक तरणा शेतकरी, खाली उभा राहून बोलतच होता.

"साहेब, एकदम कोरडा माल हाये. कालच येचला. एक थेंब पाण्याचा न्हाई…"

"थेंबाचं कोणी विचारलं तुला?" राजानंदने डोळे उघडले. "वरचा थर कोरडा हाये. दीड हात खाली पाणी मारलंस. रातचं मारलंस का सकाळी, तेवढं सांग."

वजनकाट्यावर बसलेला हरिओम खिडकीतून हसला.

परतूरच्या त्या जिनिंगमध्ये राजानंद गेली एकोणीस वर्षं कापसाचा ग्रेडर होता. ओल मोजायचं यंत्र मालकाने कधीच आणून ठेवलं होतं, पण यंत्राने एक सांगितलं आणि राजानंदच्या हाताने दुसरं, तर मालक हाताचं ऐकत असे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. राजानंद ताक फुंकून प्यायचाच, वर ते कोणी घुसळलं याचीही चौकशी करायचा. धंद्यात त्याचा हा गुण मोलाचा होता. घरी तो गुण कुठे ठेवावा हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

खिशात फोन वाजला. औरंगाबादच्या दवाखान्यातल्या अक्षता मॅडम होत्या.

"राजानंद सर, मागे बोललो होतो ना? तुमच्या सख्ख्या भावाचं रक्त लागेल. मीच वाटूरला येते. घरच्यांना थोडी माहितीही विचारायची आहे."

"माझं रक्त नेलं न्हवं का तुम्ही? त्यानं काय भागलं न्हाई?"

"घरातल्या निरोगी माणसाशी ताडून बघायचंय."

"बघा मंग," राजानंद म्हणाला आणि फोन ठेवून कितीतरी वेळ हाताला चिकटलेला कापूस काढत राहिला. रक्ताची त्याला फिकीर नव्हती. वाटूरच्या त्या घरात जायचं आणि तिथे कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला की काय करायचं, ही त्याची फिकीर होती.

चौदा वर्षं तो पोटाने आजारी होता. आधी जालन्याच्या डॉक्टरांनी पित्त म्हटलं. मग आतड्याचा टीबी म्हणून नऊ महिने गोळ्या झाल्या, दीड वर्षाने पुन्हा नऊ महिने झाल्या. वजन चव्वेचाळीस किलोवर आलं तेव्हा बायकोने, साधनाने, त्याला औरंगाबादला नेलं. तिथे वीतभर आतडं कापून काढलं आणि आजाराला नाव मिळालं : क्रोन्स. शरीर आपल्याच आतड्यावर उठतं, तिथे सूज येते, जखमा होतात, आतडं अरुंद होतं. पुरतं बरं होत नाही, ताब्यात ठेवावं लागतं. आता कोणाच्या रक्तात, म्हणजे आईबापाकडून आलेल्या जनुकांत, कोणता बदल आहे आणि त्याचा आजार पोटात कुठे बसतो, कोणत्या वयात सुरू होतो, किती बिघडतो, याचा मेळ बसतो का, ते तिथले डॉक्टर पाहत होते.

संमतीच्या कागदावर सही करताना राजानंदने अक्षता मॅडमला तासभर छळलं होतं. रक्त कोणाला विकणार? नाव कुठं छापणार? सरकारी इलाजाच्या योजनेचं कार्ड तर बंद होणार नाही? शेवटी तो म्हणाला, "ह्याच्यात माझा फायदा काय?"

"तुमचा कदाचित काहीच नाही," ती म्हणाली होती.

आणि तिथे त्याने सही केली. खालच्या थराला ओल आहे असं स्वतःहून सांगणारा शेतकरी एकोणीस वर्षांत त्याला तीनदाच भेटला होता. ही चौथी.

पण खरी गोष्ट त्याने तिलाही सांगितली नव्हती. आजार रक्तातून आला यावर त्याचा काडीइतका विश्वास नव्हता. आजार खिरीतून आला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आई गेली तेव्हा राजानंद नऊ वर्षांचा होता. वर्षभराने थोरला भाऊ नागसेन लग्न करून प्रभावतीला घेऊन आला. राजानंदची शाळेची पाटी, डोक्यातल्या उवा, तापाच्या रात्री, सगळं या वहिनीने केलं. पुढे बाप गेला, तोही तिच्याच हातांवर. वहिनी हीच त्याची आई होती. आणि जिने त्याला वाढवलं, तिच्या हातचं चौदा वर्षं त्याने तोंडात घातलं नव्हतं.

झालं होतं असं. तो सत्तावीस वर्षांचा असताना बुद्धपौर्णिमेला वाटूरला गेला होता. फाट्यावरच्या जागेच्या वाटणीची बोलणी तेव्हा चालू होती. अंगणात पंगत बसली, सगळ्यांना एकाच पातेल्यातून खीर वाढली गेली, आणि राजानंदची वाटी वहिनीने आतून आणली. पातळ खीर, ना काजू, ना खोबरं. त्याने खाल्ली. रात्री पोटात असा पीळ पडला की पहाटे त्याला जालन्याला न्यावं लागलं.

पुढे हरिओमने काट्यावर बसल्या बसल्या विचारलं होतं, "सगळ्याईला एका पातेल्यातून, अन् तुला वाटी आतून? मंग समजून घे की."

राजानंदने समजून घेतलं. जादूटोण्यावर त्याचा विश्वास नव्हता. बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात जन्मलेला माणूस, करणी-भानामतीला तो हसत असे. "पण औषध घालायला करणी लागत न्हाई," असं तो साधनाला म्हणाला होता. नंतर नागसेनने जागा बरोब्बर निम्मी करून त्याचं नाव सात-बाऱ्यावर चढवलं. त्यावर राजानंद म्हणाला, "पाप झाकायला." संशय एकदा घरात शिरला की त्याला पुराव्याची वाण पडत नाही, चांगुलपणासुद्धा पुराव्यात जमा होतो.

दर बुद्धपौर्णिमेला वाटूरहून कोणा ना कोणाबरोबर स्टीलचा डबा यायचा. त्यात तीच पातळ खीर. राजानंद ती परसातल्या लिंबाच्या बुडाशी ओतायचा. साधना डबा घासायची, भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात गुळाचा खडा टाकायची आणि धाडून द्यायची.

"आवो, एवढी गाळून-गाळून केल्यासारखी खीर. कोण कोणासाठी करतंय अशी?" ती एकदा म्हणाली होती.

"तेच म्हणतो मी. दुसऱ्याला काजू, मला पाणी. त्यातच कळतंय."

वाटूरला अक्षता मॅडम बर्फाची पेटी घेऊन आल्या तो जानेवारीतला रविवार होता. नागसेन निवृत्त शिक्षक. बाही वर करून तयारच बसला होता. "घ्या मॅडम, पाहिजे तेवढं घ्या. विज्ञानाच्या कामाला न्हाई म्हणायचं न्हाई." भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून त्याने रक्त दिलं, आणि सुई निघाल्यावर विद्यार्थ्यांना सांगावं तसं 'अजिबात दुखलं न्हाई' म्हणून सांगितलं.

प्रभावती पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. केस पांढरे झाले होते, चालताना गुडघ्यावर हात जात होता. मॅडमने घेतलं, ड्रायव्हरने घेतलं. पेला राजानंदसमोर आला.

"आत्ताच पिऊन आल्तो," तो म्हणाला.

पेला क्षणभर तसाच राहिला. मग प्रभावती मॅडमकडे वळून शांतपणे म्हणाली, "तो न्हाई पीत आमच्या घरचं पाणी. पथ्य असल त्याचं."

नागसेन मोठ्याने हसला. गंमत आहे असंच त्याला वाटलं. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते या मास्तराला आयुष्यभर दिसलं नव्हतं.

मग मॅडम फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. राजानंद ओसरीत बसून कान देत होता. शब्द कळत नव्हते, वहिनीचा संथ आवाज तेवढा येत होता. दारातून तिचा एक हात दिसे. मध्येच तो हात पोटाच्या उजव्या अंगाला गेला, मध्येच काहीतरी पिळल्यासारखा फिरला. काय रचून सांगून राह्यली ही? चौदा वर्षांनी आता सगळं माझ्याच अंगावर लोटून मोकळी होणार का?

परतताना गाडीत त्याने विचारलंच, "काय म्हणली वहिनी?"

"ते मला सांगता येत नाही, सर. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, असा नियम आहे."

"चांगला नियम हाये," राजानंद म्हणाला.

एप्रिलमध्ये दवाखान्यातून बोलावणं आलं. साधना बरोबर होती. डॉक्टर मऊ बोलणारे, घाई न करणारे होते. त्यांनी आधीच सांगून टाकलं की हे संशोधनातलं आहे, यावरून औषध बदलणार नाही. तुम्ही 'कळवा' अशी खूण केली होती म्हणून कळवतोय.

"तुमच्या जनुकांत एक बदल सापडलाय. आतापर्यंत आम्ही पाहिलेल्या पेशंटमध्ये हा बदल असला की आजार बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला बसतो, आतडं अरुंद होतं, ऑपरेशनची पाळी येते, आणि सुरुवात जरा कमी वयात होते. तुमचंही चित्र तसंच आहे. फक्त वय थोडं जुळत नाही."

"आमच्या रूपालीला होईल का?" साधनाने आधी पोरीचं विचारलं.

"इतरांपेक्षा शक्यता जरा जास्त, पण होणार नाही हीच शक्यता मोठी. काही त्रास झाला तर लवकर दाखवा, एवढंच."

"अन् माझा भाऊ?" राजानंदने विचारलं.

"तोच बदल त्यांच्यातही आहे."

"त्याला कायबी झालं न्हाई. साठ वर्षाचा हाये, दगड पचवतो."

"होय. असे खूप लोक असतात. हा बदल म्हणजे आजार नव्हे, आजाराकडे झुकणारी वाट म्हणू. बाहेरूनही काहीतरी घडावं लागतं."

राजानंद खुर्चीत पुढे सरकला. "म्हंजे बाहेरून कायतरी पोटात गेल्याबिगर हे व्हत न्हाई. बराबर?"

"एका अर्थाने. जंतू, औषधं, खाणंपिणं, तंबाखूचा धूर… नेमकं एक बोट ठेवता येत नाही अजून."

पुढचं राजानंदने ऐकलंच नाही. दोघं भाऊ, एक रक्त, एक बदल. एक दगड पचवतो आणि एकाचं आतडं कापावं लागतं. मग मधे काय आलं? वाटी आली. त्याने साधनाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चौदा वर्षांच्या खटल्याचा निकाल वरच्या कोर्टाने त्याच्या बाजूने दिला होता.

बाहेर अक्षता मॅडम फॉर्म घेऊन थांबल्या होत्या.

"सर, दोन ठिकाणी जुळत नाही. वहिनींची परवानगी घेऊनच सांगतेय. पहिलं, तुम्ही लिहिलंय, बिडी-सिगारेट कधीच नाही. वहिनी म्हणतात, सतराव्या वर्षापासून बिडी, त्यांनी तीनदा बंडल चुलीत घातलं."

साधनाने नवऱ्याकडे पाहिलं. लोकांच्या कापसात ओल शोधणाऱ्याने स्वतःच्या ट्रॉलीला पाणी मारून ठेवलं होतं. "कार्ड बंद करतेन म्हणून लिवलं न्हाई," तो पुटपुटला.

"दुसरं महत्त्वाचं. त्रास कधी सुरू झाला? तुम्ही सत्तावीस सांगितलं. बुद्धपौर्णिमा. वहिनी चोवीस म्हणतात. आम्ही वय आणि जनुक यांचाच मेळ पाहतोय, तेव्हा हे चुकून चालत नाही."

"ती कायबी सांगती. माझं पोट, तिला काय ठाव?"

मॅडमने फॉर्मचं पान उलटलं. "मी त्यांना फोन करून विचारलं, तुम्हाला वाचून दाखवू का. त्या म्हणाल्या, 'दाखव. मी काय चोरून सांगितलं न्हाई.' त्यांच्या शब्दांतच लिहून घेतलंय."

आणि गर्दीने भरलेल्या त्या व्हरांड्यात, भिंतीला टेकून, त्यांनी वाचलं.

"'चोवीस वर्षाचा असल तवापासून त्याचं तोंड यायचं. जेवला की उजवं अंग धरून बसायचा, कोणी पाहिलं की उठायचा. माझ्या सासऱ्याचं असंच व्हायचं, मी तीन वर्ष केलं त्यांचं. अख्खा दाणा, खोबरं, काजू सोसत नव्हतं. भात वाटून फडक्यातून गाळून दिला तर पचायचा. ह्याचं बी तसंच दिसलं. पण सांगितलं असतं तर भ्याला असता, बापासारखं मरण येईल म्हणून. मंग गपचूप गाळून द्यायची. चार माणसं असली की त्याची वाटी आतून आणायची. पौर्णिमेला बी तशीच आणल्ती. ती खाऊन हा विहारात गेला अन् तिथली खोबऱ्याची खीर दोन द्रोण खाल्ली, मला मागून कळलं. तवापासून बिमारच हाये. अजून गाळूनच पाठवते.'"

राजानंद उभा होता तो बाकावर बसला.

विहारातले ते द्रोण त्याला चौदा वर्षांत एकदाही आठवले नव्हते. आता आठवले. दातात अडकलेला खोबऱ्याचा तुकडा काडीने काढत तो रस्त्याने घरी आला होता. आणि बाप आठवला : बाभळीखाली गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, आणि शेजारी वाडगं घेऊन बसलेली नवी नवरी. डॉक्टरांनी यंत्रं लावून जे आत्ता सांगितलं, ते तिने सतरा-अठरा वर्षांपूर्वी नुसतं पाहून ओळखलं होतं, आणि फडकं घेऊन कामाला लागली होती. कापसाच्या तळातली ओल ओळखणारा त्याचा हात, एका वाटीचा तळ मात्र त्याला कळला नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"सर, मग कोणतं वय लिहू?" मॅडमने हळूच विचारलं.

"चोवीस लिवा," तो म्हणाला.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. सकाळी विहारात वंदना करून राजानंद घरी आला आणि दारात खुर्ची टाकून बसला. वाटूरकडची पहिली बस गेली, दुसरी गेली. दुपार झाली.

"कोणाची वाट पाहून राह्यले?" साधनाने विचारलं.

"कोणाची न्हाई."

चौदा वर्षांत पहिल्यांदा डबा आला नाही. तीन वाजता त्याने चपला घातल्या आणि बस पकडली.

वाटूरच्या घरी प्रभावती एकटीच होती. नागसेन विहारात भाषणाला गेला होता. ती ओसरीत तांदूळ निवडत होती.

"जय भीम, वहिनी."

"जय भीम. ये, बस."

तो खाली बसला. बसमध्ये जुळवलेलं सगळं बोलणं कुठेतरी गेलं. तोंडातून आलं ते भलतंच.

"डबा न्हाई आला औंदा."

प्रभावतीने सुपातला खडा काढून टाकला. "त्या दिवशी तू पाणी बी न्हाई घेतलंस. परक्या बाईसमोर. मंग म्हणलं, आता बस. ज्याचं भेव वाटतं ते माणसाला कामून पाठवायचं?"

"वहिनी, मला कोणी सांगितलं न्हवतं…"

"मला सांगितल्तं. हरिओमच्या बायकोनं. तू खीर लिंबाला घालतोस म्हणून अन् का घालतोस ते बी. बारा वर्ष झाली."

बारा वर्षं. म्हणजे बारा डबे तिने हे माहीत असूनही पाठवले होते. राजानंद नुसता तिच्या पायांकडे पाहत राहिला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"दादाला ठाव हाये?" त्याने शेवटी विचारलं.

"त्यांना कशाला सांगू? भाऊ हाये तू त्यांचा." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "थांब. जाऊ नको."

आतून भांड्यांचा आवाज आला. पाट्यावर वरवंटा फिरला. बराच वेळ गेला. ती बाहेर आली तेव्हा हातात वाटी होती आणि वाटीत चमचा. खीर पातळ, पांढरी, एकसारखी.

तिने वाटी त्याच्यासमोर ठेवली नाही. ती समोर बसली, चमचाभर खीर घेतली आणि स्वतःच्या तोंडात घातली.

"वहिनी, नको असं," राजानंद म्हणाला. पण म्हणता म्हणताच, निव्वळ सवयीने, त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली. घोट खाली उतरेपर्यंत ती तिथेच राहिली. आणि ती तिथे राहिल्याचं प्रभावतीने पाहिलं.

तिने वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"उष्टा झाला चमचा. दुसरा आणते," ती म्हणाली आणि जमिनीला हात टेकून हळूहळू उठली.

ती दुसरा चमचा घेऊन परत आली तेव्हा राजानंद मान खाली घालून त्याच चमच्याने खात होता.